बबल टिप ॲनिमोन कापावा की फुटायची वाट बघावी?

काचेपलीकडे
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

माझ्याकडे ३०० लिटरची रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची) आहे, दोन वर्षं झाली. त्यात चौदा महिन्यांपासून एक हिरवा बबल टिप ॲनिमोन (भुजांची टोकं फुग्यासारखी असलेलं समुद्रफूल) आहे. आणला तेव्हा मुठीएवढा होता, आता पूर्ण उघडला की वीतभर होतो. एकाच खडकाच्या खाचेत पाय रोवून बसलाय, क्लाउन माशांची जोडी त्यातच लोळत असते. आकडे: सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५, तापमान २६, नायट्रेट १०, केएच (क्षारता) ८.५. आठवड्यातून एकदा कोळंबीचा तुकडा देतो.

जो तो सांगतो की बबल टिप आपोआप फुटतो, एकाचे दोन, दोनाचे चार. माझा मात्र घरजावयासारखा बसलाय. खातो, फुगतो, आकसतो, पुन्हा खातो. दुसरी १२० लिटरची टँक चार महिन्यांपूर्वी लावली, तिच्यात एक हवा आहे. याचेच दोन करावेत असं डोक्यात आहे. ब्लेड आणून ठेवलंय. तीन रविवार गेले, हात धजावत नाही. कुणी कापलाय का? की वाटच बघू?

खारट
हात धजावत नाही तेच बरं आहे. ब्लेड दाढीला वापरा.

ओहोटी
कापलेत. आतापर्यंत सहा वेळा. पाच वेळा दोन्ही अर्धे जगले, एकदा एक अर्धा गेला.

कापणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड काय, तर त्याला खडकावरून सोडवणं. ओढायचं नाही. पाय फाटला की पुढचं सगळं फसलं. मी टँकचंच पाणी बादलीत घेतो, खडकासकट त्याला त्यात ठेवतो आणि पायाच्या कडेला बर्फाचा खडा धरतो. गार लागलं की ती कड तो सोडतो. मग नखाने हळूहळू पुढची बाजू, मग त्याच्या पुढची. अर्धा तास सहज जातो, आणि शेवटच्या टीचभर भागासाठी तेवढाच वेळ परत जातो.

सुटला की आकसून लिंबाएवढा गोळा होतो. घाबरू नका. ओल्या प्लास्टिकच्या फळीवर पाय खाली, तोंड वर असा ठेवा. भुजांच्या मधोमध तोंडाची चीर नीट दिसेपर्यंत थांबा. ब्लेड नवं कोरं हवं आणि त्याच्यावर तेलाचा हात असतो तो पुसून घ्या. तोंडाच्या मधून सरळ खाली, पायासकट, एका दाबात. करवतीसारखं मागेपुढे केलंत तर कडा चिंधडतात. दोन्हीकडे तोंडाचा आणि पायाचा वाटा आलाच पाहिजे. माझा जो अर्धा गेला त्याच्यात हेच चुकलं होतं. गडबडीत ब्लेड तिरकं गेलं, एकाच्या वाट्याला जवळजवळ सगळं तोंड आलं, दुसऱ्याला नुसत्या भुजा. तो आठवडाभर कसाबसा टिकला, मग विरघळला.

नंतर दोन्ही तुकडे भोकांच्या डब्यात, तळाशी खडकाचे बारके तुकडे, प्रवाह मंद. कापलेली कड तो स्वतःच आत वळवून घेतो, काही तासांत मिटलेल्या पिशवीसारखा दिसतो. आठवडा-दहा दिवसांत तोंड पुन्हा गोल होतं. दोन आठवडे खायला देऊ नका. त्याच्या अंगातलं शैवाल प्रकाशावर अन्न तयार करतंच, तेवढ्यावर निभावतं. स्राव बराच सुटतो, तेव्हा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकून ठेवा आणि थोडं पाणी बदला. तुकडा पाणचट, लोंबता झाला आणि वास मारायला लागला तर दयामाया न दाखवता बाहेर काढा.

अर्धवट
माझं सदस्यनाम या धाग्यासाठीच राखून ठेवलं होतं असं दिसतंय.

खारट
@अर्धवट, तुमच्या वाट्याला तोंड आलंय का नुसत्या भुजा?

अर्धवट
तोंड पूर्ण आलंय. घरच्यांना विचारा.

निवांत
ओहोटींच्या हाताला यश आहे, मान्य. तरी माझं मत विरुद्ध. कापू नका.

मुळात 'फुटला म्हणजे खूश आहे' हा समजच अर्धा खरा. माझ्याकडे लाल बबल टिप होता. एकदा हीटर अडकला आणि मी दोन दिवस बाहेर. परत आलो तेव्हा थर्मामीटर ३१ दाखवत होता. हीटर काढला, पाणी सावकाश खाली आणलं. आठवड्याच्या आत ॲनिमोनचे तीन झाले. मी वेडा, सगळ्यांना फोटो पाठवत सुटलो. महिनाभरात तिन्हींचा रंग उतरला, दोन पांढरेफटक होऊन गेले. शैवाल अंगातून बाहेर टाकलं होतं, आता प्रकाश कितीही द्या, उपयोग काय? उरलेल्या एकाला दर दोन दिवसांनी बारीक चिरलेलं खाणं चिमट्याने भरवत बसलो, तेव्हा पाच महिन्यांनी रंग आला.

तेव्हा तुमचा फुटत नाही याचा अर्थ त्याचं काही बिघडलंय असा होत नाही. बसू दे की बापड्याला.

जुनीशिंपली
दोघांचंही बरोबर आहे, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. बबल टिप, म्हणजे एन्टॅकमिया क्वाड्रिकलर, समुद्रात दोन तऱ्हेने राहतो. उथळ पाण्यात छोटे छोटे, एकमेकांना खेटून, सगळे एकाच मूळ ॲनिमोनपासून फुटलेले. थोड्या खोलीवर मात्र एकटाच, मोठा, खडकाच्या भेगेत पाय घालून बसलेला. काचेपलीकडे, तुमचा दुसऱ्या तऱ्हेचं आयुष्य जगतोय. चौदा महिने एका जागी न हलता बसला, मुठीचा वीतभर झाला, याहून चांगलं प्रशस्तिपत्र टँकला काय हवं? घरजावई म्हणून हिणवू नका.

आणि कुणी हा धागा वाचून भलत्याच ॲनिमोनला ब्लेड लावू नये म्हणून सांगते. फुटणं हा सगळ्या जातींच्या ॲनिमोनचा स्वभाव नाही. बबल टिप उभा चिरत जाऊन दोन होतो. छोटा मॅक्सी-मिनी कार्पेटही फुटतो. मॅग्निफिका कधीमधी फुटतो. पण मोठे कार्पेट, हॅडोनी आणि जायगँशिया, यांच्या वाटेला जाऊ नका. तबकडी केवढी तरी, जखम तेवढीच मोठी, आणि सडायला लागला तर रात्रीत टँक घेऊन जातो. रॉक फ्लॉवर ॲनिमोनची तर तऱ्हाच निराळी. त्याच्यात नर-मादी वेगळे, मादी पिल्लं पोटात वाढवते आणि तोंडावाटे बाहेर सोडते. एक दिवस सकाळी खडकावर बटणाएवढे दहा-बारा दिसतात आणि आपण चष्मा शोधायला लागतो.

भरतीवेडा
ताई, एक बाळबोध शंका. बबल टिप कापून दोन केले, तर पुढे त्या दोघांची पिल्लं होतील का?

जुनीशिंपली
नाही. बबल टिपमध्येही नर-मादी वेगळे असतात, आणि एकाचे दोन केलेले दोन्ही एकाच लिंगाचे. एकाच माणसाची झेरॉक्स. वेगळ्या वंशाचे नर-मादी असले तरी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, सूक्ष्म डिंभ (अळ्या) तयार होतात आणि आपल्या टँकमध्ये ते पंपातून, फेसावाटे घाण काढणाऱ्या स्किमरमधून वाचत नाहीत.

शेवाळशत्रू
तुम्हाला एकाचे दोन होत नाहीत म्हणून दुःख, मला एकाचे दोनशे झाले म्हणून. आयप्टेशिया, म्हणजे तणासारखा पसरणारा बारका ॲनिमोन. हवेत का? पोचवून देतो.

खारट
हहपुवा (हसून हसून पुरे वाट). शेवाळशत्रू, खरडून काढलेत ना?

शेवाळशत्रू
हो ना. सुरुवातीला चार होते. ब्रश घेऊन घासले आणि स्वतःवर खूश झालो. त्याच्या पायाचा कण जरी खडकावर राहिला तरी त्यातून नवीन उगवतो हे नंतर कळलं. चालता चालतासुद्धा पायाचे तुकडे मागे टाकत जातो आणि प्रत्येकाचा ॲनिमोन होतो. आता खरडत नाही. मोठे दिसतील त्यांच्या तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची लापशी सिरिंजने सोडतो, पंप बंद ठेवून. बारक्यांसाठी पेपरमिंट कोळंबी. बर्घिया गोगलगाय तर आयप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. तो संपला की तीही उपाशी मरते. माझ्याकडे उपाशी मरायची वेळ यायला अजून बराच काळ आहे.

भरतीवेडा
म्हणजे बबल टिपचाही पायाचा तुकडा तोडून ठेवला तर होईल का? कापायची भानगडच नको.

ओहोटी
नाही. तो प्रताप आयप्टेशियाचा. बबल टिपला तोंडाचा वाटा लागतोच.

मृण्मयी_रीफ
मी कापण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच बोलणार नाही. माझा ॲनिमोन कापलाच गेला होता, वेव्हमेकरने, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंख्याने.

रात्री दिवे बंद झाल्यावर तो हिंडायला लागला. का, ते आजतागायत कळलं नाही. त्या आठवड्यात मी दिव्याची तीव्रता बदलली होती, बहुतेक तेच कारण. पहाटे पाण्याचा आवाज वेगळा यायला लागला म्हणून उठले. वेव्हमेकर गुरगुरत होता आणि दिवा लावला तर टँकमध्ये दूध ओतल्यासारखं पांढरं. पाण्यात भुजांचे तुकडे तरंगत होते आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. निम्मं पाणी बदललं, स्किमर ओला (जास्त फेस बाहेर काढत) चालवला, कार्बनची पिशवी भरून टाकली. दोन मासे गेले. तिसऱ्या दिवशी खडकामागे नाण्याएवढा एक तुकडा आपसूक चिकटलेला दिसला. तो जगला. आज तळहाताएवढा आहे.

तेव्हा कापा, नका कापू, पण वेव्हमेकरला स्पंजचं आवरण आधी घाला. अर्धा झालेला ॲनिमोन हमखास जागा शोधत फिरतो.

निवांत
+१. आवरण दर आठवड्याला धुवा, नाहीतर प्रवाहच बंद पडतो.

खारट
आणि हातमोजे घाला. कापताना पॅलिटॉक्सिन उडालं तर माणूस दवाखान्यात जातो.

जुनीशिंपली
खारट, ते झोअँथिडचं, म्हणजे प्रवाळाच्या एका भाईबंदाचं विष. ॲनिमोनमध्ये डंखपेशी असतात, त्यांचं विष वेगळं. तळहाताला फार तर भुजा चिकटल्यासारख्या वाटतात, मनगटाच्या आतल्या पातळ कातडीला चुरचुरतं. पण मोजे आणि चष्मा घालाच. स्राव डोळ्यात गेला तर मजा नाही.

अर्धवट
अवांतर: ही कापाकापी आजची नाही. १७७० च्या दशकात फ्रान्समध्ये दिकमार नावाचे एक धर्मगुरू समुद्रकिनाऱ्यावरचे ॲनिमोन आणून कापायचे आणि पुन्हा वाढतात का बघत बसायचे. त्याच्या आधी ट्रेम्ब्लेने गोड्या पाण्यातल्या हायड्राचे तुकडे करून विद्वानांची झोप उडवली होती. तुकडा केला की दोन होतात, मग हा प्राणी का वनस्पती, असा वाद.

जुनीशिंपली
अर्धवटांनी काढलंच आहे तर माझं आवडतं. स्कॉटलंडमध्ये डॅलियेल नावाच्या गृहस्थांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक साधा लाल ॲनिमोन आणला आणि काचेच्या भांड्यात ठेवला. ते गेले, मग तो एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. 'ग्रॅनी' म्हणायचे त्याला. १८८७ मध्ये एडिनबरोत मेला. एकोणसाठ वर्षं! ना हीटर, ना स्किमर, ना एलईडी. नुसतं समुद्राचं पाणी बदलत राहायचे. तेवढ्या काळात शेकडो पिल्लं दिली, कुणी ब्लेड न लावता.

खारट
एकोणसाठ वर्षं. आमचा वेव्हमेकर दोन वर्षांत गुरगुरतो.

ओहोटी
धाग्यावर परत. काचेपलीकडे, एक विचारायचं राहिलं. सॅलिनिटी कशाने मोजता? रिफ्रॅक्टोमीटर असेल तर त्याचं शून्य कशावर लावता?

काचेपलीकडे
रिफ्रॅक्टोमीटर. आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यावर शून्य लावतो, दर महिन्याला.

ओहोटी
तिथेच लोक फसतात. शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राएवढं) बरोबर दाखवेलच असं नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण आणा, त्याचे दोन थेंब टाका, रेषा १.०२६४ च्या आसपास यायला हवी. ते केल्याशिवाय ब्लेडला हात लावू नका.

काचेपलीकडे
केलं. द्रावण १.०२९ दाखवतंय.

म्हणजे माझं १.०२५ हे खरं तर १.०२२ आणि काहीतरी होतं. दोन वर्षं. मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलेत हे आकडे, सुंदर अक्षरात.

खारट
वही जपून ठेवा. कादंबरी म्हणून चालेल.

निवांत
एकदम मीठ वाढवू नका! दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी खारं पाणी घालत गेलात तरी पुरे. आणि आता निदान दोन महिने कापायचं नाव काढू नका. खारटपणा बदलतोय, त्यात ब्लेड म्हणजे आजाऱ्याला भूल न देता ऑपरेशन.

ओहोटी
निवांतशी शंभर टक्के सहमत, हे लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही. पक्का बसलेला, भुजा चिकट, तोंड घट्ट मिटलेलं, रंग भरलेला, आणि टँकमध्ये महिना-दोन महिने काहीही न बदललेलं. यातलं एक जरी नसेल तर कापायचा नाही. आणि चार महिन्यांच्या टँकमध्ये अर्धा ॲनिमोन टाकू नका. दोन्ही तुकडे जुन्यातच ठेवा. नव्या टँकला निदान आठ-दहा महिने होऊ देत.

काचेपलीकडे
कळवायला उशीर झाला, क्षमस्व. अडीच महिन्यांनी लिहितोय.

सॅलिनिटी पंधरवड्यात वर आणली. मग सहा आठवडे काहीही केलं नाही, फक्त पाणी बदललं. खरं सांगायचं तर वाटत होतं की आता आकडा सुधारला, आता हा आपणहून फुटेल आणि मी सुटेन. नाही फुटला. आणखी मोठा झाला.

गेल्या महिन्यात कापला. सोडवायला पन्नास मिनिटं लागली. बर्फाने एक कड सुटायची, दुसरीकडे हात न्यावा तर पहिली परत चिकटायची. शेवटी बायकोने एका बाजूला बर्फ धरला, मी दुसऱ्या बाजूला नख. ब्लेड मात्र एका दाबात गेलं. रक्त नाही, काही नाही, ओला रबर कापल्यासारखं. आतल्या पातळ पडद्यांच्या घड्या दिसल्या, एखाद्या वहीच्या पानांसारख्या, आणि मग दोन्ही तुकडे डोळ्यांदेखत गुंडाळत गेले. त्या रात्री मी तीनदा उठून टॉर्च मारला.

चौथ्या दिवशी मोठ्या तुकड्याने खडकाला पाय लावला. छोटा डब्यात उलटा पडला होता, मी टाकूनच देणार होतो. वास घेतला, तर नुसता समुद्राचा. ठेवला. सातव्या दिवशी सुलटा. अकराव्या दिवशी दोघांची तोंडं गोल, छोट्याच्या एका बाजूला भुजा नाहीत, तिथे शिवण घातल्यासारखी रेघ आहे. सोळाव्या दिवशी तांदळाच्या दाण्याएवढी कोळंबी दिली. मोठ्याने गिळली. छोट्याने धरली, तासभर विचार केला आणि गिळली. मग त्यालाही खडकाच्या खाचेत सोडला.

अर्धवट
वा! 'तासभर विचार केला' हे वाचून आमच्या खात्यातल्या फायली आठवल्या.

मृण्मयी_रीफ
अभिनंदन! स्पंज घातलाय ना?

काचेपलीकडे
दोन्ही वेव्हमेकरना. आठवड्याला धुतो.

निवांत
अभिनंदन. मी असतो तर तरी कापला नसता. पण दोन महिने थांबलात, ते आवडलं.

काचेपलीकडे
धन्यवाद निवांत. आता नवीन अडचण. क्लाउनच्या मादीने मोठा अर्धा सोडला आणि छोट्यात घर केलंय. तो जेमतेम चहाच्या बशीएवढा. ती त्याच्यात अंग घासते, त्याच्या तोंडातलं खाणं ओढून काढते, दिवसभर उघडूच देत नाही. मोठा तिकडे रिकामा पडलाय. हिला समजवायचं कसं?

ओहोटी
समजवता येत नाही. जाळीची टोपली छोट्यावर उपडी घाला, वर दगड ठेवा. प्रकाश आणि पाणी जाईल, ती जाणार नाही. तीन-चार आठवडे.

खारट
आणि मोठ्याने काय पाप केलंय ते तिलाच विचारा एकदा.

काचेपलीकडे
टोपली घातली. मोठा अजून रिकामाच. मादी टोपलीवर बसून आहे.